समोरच्याची खुर्ची

बाई, आज सिमरोलला जाऊन आलो. तिथल्या इंजिनिअरिंगच्या मोठ्या संस्थेत मला भाषणाला बोलावलं होतं. तुम्ही होतात तेव्हा तिकडे सोयाबीनची शेतं आणि मधेच एखादा ढाबा, बस. आता उंच इमारती आहेत, आणि त्यातल्या एका गार हॉलमध्ये मुलं माझ्याकडे बघत बसली होती. विषय त्यांनीच ठरवला होता, परराष्ट्र सेवेतल्या माणसाला मानसशास्त्राचा काय उपयोग. मी सगळं तुमचंच बोललो. समोरचा चिडला असेल तर 'का' विचारू नका, 'कधीपासून' विचारा. तो जेवढा वेळ गप्प राहील त्यापेक्षा थोडं जास्त आपण गप्प राहा. टेबलाच्या पलीकडे देश बसलेला नसतो. पाठ दुखणारा, वरच्या साहेबाला घाबरणारा, घरी कोणीतरी आजारी असलेला एक माणूस बसलेला असतो. त्याला हरवायचं नसतं, त्याच्या लोकांसमोर मान खाली न घालता त्याला मागे सरकता येईल एवढी जागा करून द्यायची असते. मुलं लिहून घेत होती. तुमचं नाव मी घेतलं नाही. आमच्या इंदौरला एक प्रोफेसर होत्या, एवढंच म्हणालो.

शेवटी मी खलाशांची गोष्ट सांगितली. प्रत्येक भाषणात सांगतो. एका परक्या बंदरात आपले अकरा खलाशी अडकले होते, तिथला कप्तान काही केल्या ऐकत नव्हता, आणि मी ओळखलं की त्याचा मुलगा समुद्रात बुडालेला आहे, त्या दुःखाला हात घातला तेव्हा वाट निघाली. मागच्या रांगेतली एक मुलगी उठली. "सर, पण तुम्हाला कळलं कसं? कोणी सांगितलं नव्हतं ना?" मी नेहमीचं उत्तर दिलं. त्याच्या ऑफिसची खिडकी समुद्राकडे होती आणि त्याची खुर्ची मात्र खिडकीकडे पाठ करून. प्रत्येक खलाशाचं वय तो दोनदा विचारायचा. सगळ्यात लहान पोराच्या नावावर त्याचं बोट थांबायचं. निरीक्षण करा, मी म्हणालो, माणूस स्वतःच सगळं सांगत असतो. टाळ्या पडल्या. बाई, ते उत्तर खोटं आहे. खुर्ची, बोट, वय, हे सगळं मला नंतर आठवलं, कोणी विचारलं तर सांगायला हवं म्हणून मी ते जमवलं. खरं काय झालं ते फक्त तुम्हाला अर्धं सांगितलं होतं. आज पूर्ण सांगतो.

बड़ा गणपतीच्या देवळाजवळची तुमची ती तिसऱ्या मजल्यावरची खोली मला अजून जशीच्या तशी दिसते. दोन वेताच्या खुर्च्या, मधे काही नाही. टेबल मधे आलं की माणूस त्याच्या मागे लपतो, असं तुम्ही म्हणायचात. कॉलेजात तुम्ही आम्हाला पुस्तकातलं मानसशास्त्र शिकवत होतात आणि संध्याकाळी त्या खोलीत लोकांची भांडणं सोडवत होतात. सियागंजच्या हार्डवेअरवाल्या दोन भावांची गोष्ट तुम्हीच आम्हाला वर्गात सांगितली होती. दोघं एका गल्ल्यावर बसायचे आणि दहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. तुम्ही मोठ्याला धाकट्याच्या खुर्चीत बसवलंत आणि म्हणालात, आता तू तो आहेस, बोल. मोठा धाकट्याच्या आवाजात म्हणाला, "भैया, आपने पिताजी के जाने के बाद मुझसे एक बार भी नहीं पूछा कि तू कैसा है." आणि समोर खरा धाकटा तोंडावर रुमाल धरून बसला होता. वर्ग हसला नाही त्या दिवशी. मी तर घरी जाईपर्यंत त्याचाच विचार करत होतो.

कारण माझ्या घरातही अबोला होता. वडील मिलमध्ये क्लार्क होते, मिल बंद पडली होती, आणि मी रेल्वेची मिळणारी नोकरी सोडून दिल्लीला परीक्षेच्या तयारीला जातो म्हणत होतो. चार महिने ते माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. ताट वाढलं की उठून जायचे. एके दिवशी मी तुमच्याकडे आलो आणि तुम्ही काही विचारलं नाहीत, समोरची खुर्ची दाखवलीत. "बस. आता तू तुझा बाप."

मी बसतो. आधी नुसती नक्कल करतो, त्यांच्यासारखा घसा खाकरतो. तुम्ही हसत नाही. खिडकीखालून टेम्पोचे हॉर्न येतायत. मग माझे खांदे आपोआप खाली येतात, आणि मी म्हणतो, "हा रोज सकाळी डबा घेऊन निघालेला बाप बघत होता. आता घरात बसलेला बघतो. मला याच्यासमोर जेवायची लाज वाटते." हे मी कुठून आणलं मला माहीत नव्हतं. माझ्या मनात त्यांच्याबद्दल फक्त राग होता.

त्याच संध्याकाळी मी हे वडिलांना बोलून दाखवलं. ते पाट सारून उठत होते, ते तसेच खाली बसले. "तुला कोण बोललं रे हे?"

"कोणी नाही, बाबा."

"अरे, हेच शब्द. एकदम हेच. मी तुझ्या आईला पण नाही बोललो." ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "जा दिल्लीला. चिट्ठी टाकत जा पण." मी दिल्लीला गेलो, परीक्षा पास झालो, पुढचं सगळं आयुष्य त्या एका संध्याकाळमधून निघालं. पण बाई, त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. थोडी भीती होती. ती मी तेव्हा पाहिली आणि सोडून दिली.

आणि तुमचं रागावणं. त्याच दिवशी, तुमच्याकडून निघताना. मी त्या खुर्चीतून उठलो, थँक्यू म्हणालो आणि खुशीत जिना उतरून रस्त्यावर आलो. वरून तुमचा आवाज आला, "ए! वापस ये! वर ये आधी!" मिठाईच्या दुकानातली माणसं वर बघायला लागली. मी धापा टाकत परत आलो. तुम्ही मला माझ्या खुर्चीत बसवलंत, पाणी दिलंत आणि स्वतःचं पूर्ण नाव तीनदा मोठ्याने म्हणायला लावलंत. मला हसू आलं. तुम्ही खुर्चीच्या हातावर चापट मारलीत.

"हसतो काय? बसणं सगळ्यांना जमतं. उठणं शिकवायला मी इथे बसलेय."

"नाही उठलो तर काय होतं, बाई?"

जिच्यात मी वडील होऊन बसलो होतो ती खुर्ची तुम्ही पायाने सरकवून तिचं तोंड भिंतीकडे केलंत. मग म्हणालात, "चाय घेऊन जा." पुढे आठ दिवस आई मला विचारत होती, तू यांच्यासारखा का खाकरून राहिलास.

आता बंदराचं सांगतो. देशाचं नाव राहू दे. मी तिथल्या आपल्या वकिलातीत नवा होतो. एक जुनं मालवाहू जहाज, मालक पळून गेलेला, चोरटं तेल वाहिल्याचा आरोप, आणि अकरा माणसं त्याच जहाजावर कैदेत. किनारा दिसतोय पण उतरायचं नाही. पिण्याचं पाणी होडीतून यायचं, कधी यायचं नाही. सगळ्यात लहान पोरगा एकोणीस वर्षांचा होता. सगळ्यात मोठे रत्नागिरीकडचे एक स्वयंपाकी, त्यांचे पाय सुजून खांबासारखे झाले होते आणि औषध संपलं होतं. बंदराच्या सुरक्षेचा प्रमुख एक कप्तान होता, नौदलातून आलेला, पन्नाशीचा, इस्त्रीच्या घडीसारखा माणूस. मी त्याला सहा वेळा भेटलो. त्याच्या वरिष्ठाला दाखवता येईल असा कागद देऊन पाहिला, त्याच्या देशाच्या दयाळूपणाची बातमी छापून आणू म्हणालो, गप्प बसून पाहिलं. तो दर वेळी दुभाष्यामार्फत तेच सांगायचा, "फाइल वर गेली आहे."

सातव्या भेटीच्या सकाळी मी हॉटेलच्या खोलीत दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या. स्वच्छ ऊन होतं, खाली भाजीवाले ओरडत होते. मी कप्तानाच्या खुर्चीत बसलो. आधी ठरवून बोललो, मी कायद्याने बांधलेला आहे, हा परका मला नियम शिकवतो, वगैरे. मग गप्प झालो. पायांना गार लागायला लागलं. मी खाली पाहिलं, फरशी कोरडी होती. आणि माझ्या तोंडून जे आलं ते आपल्या इंदौरच्या बोलीत आलं, बाई, त्या देशात जी कोणालाच येत नाही. "ये ग्यारह के ग्यारह पानी पे हैं और जिंदा हैं. मेरा तो एक ही था."

तेवढ्यात फोन वाजला. ड्रायव्हर खाली आला होता. मी फाइल उचलली आणि निघालो. पाणी प्यायलो नाही. नाव म्हणालो नाही.

भेटीत पहिली पंधरा मिनिटं नेहमीसारखी गेली. मग मी इंग्रजीत, दुभाष्याकडे न बघता, हळूच म्हणालो, "तो चांगला पोहायचा, नाही का?" दुभाष्या भाषांतर करायला लागला तर कप्तानाने हात वर करून त्याला थांबवलं आणि बाहेर जायला सांगितलं. दार बंद झालं. त्याला इंग्रजी येत होतं, हे मला तेव्हा कळलं.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

मी गप्प.

"या शहरात कोणालाच माहीत नाही. म्हणूनच मी बदली मागून इथे आलो."

मी तरीही गप्प. तुम्ही शिकवलेलं ते गप्प बसणं माझ्या अंगात इतकं मुरलं होतं की दुसरं काही सुचलंच नाही. त्या शांततेत त्याने स्वतःचा अर्थ भरला. तो पुढे वाकला. त्याच्या शर्टाच्या बाहीवर घामाचा डाग पसरत होता.

"तो तुमच्याशी बोलतो?"

इथे, बाई. इथे मला नाही म्हणता आलं असतं. नाही साहेब, मला वाटलं ते मी बोललो, माफ करा. पण माझ्या डोळ्यांसमोर त्या स्वयंपाक्याचे पाय होते.

"हो," मी म्हणालो.

"काय म्हणतो?"

"म्हणतो, यांना घरी जाऊ द्या."

तो उठला, खिडकीपाशी गेला आणि माझ्याकडे पाठ करून समुद्राकडे बघत उभा राहिला. पाचव्या दिवशी अकराही जण विमानात बसले. स्वयंपाकी काकांनी घरी पोचून मला फोन केला होता, बोलता येईना म्हणून नुसतेच रडत होते. दिल्लीहून शाबासकीचं पत्र आलं. आमच्या खात्यात नव्या मुलांना हे उदाहरण म्हणून सांगायला लागले.

सुट्टीवर आलो तो पहिला तुमच्याकडेच आलो. तुम्ही खूप बारीक झाला होतात, तीन मजले चढणं बंद झालं होतं, कॉलेजची एक मुलगी येऊन स्वयंपाक करून जायची. मला कौतुक ऐकायचं होतं. मी सगळं सांगितलं, अगदी पायांना गार लागलं ते सुद्धा. तुम्ही शेवटपर्यंत ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "उठलास नीट?"

"हो, बाई."

"नाव म्हणालास?"

"हो."

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. वडिलांनी त्या संध्याकाळी पाहिलं होतं, तसंच. मग म्हणालात, "माणसं सुटली, अच्छा झालं. आता त्या बापाला खरं सांग. चिट्ठी लिही त्याला. नाहीतर तो वाट बघत बसेल."

मी हो म्हणालो. मनात आलं, बाई आता थकल्या आहेत, त्यांना या कामातलं काय कळणार. चार महिन्यांनी फोनवर तुम्ही गेल्याची बातमी आली तेव्हा मी दुसऱ्या देशात एका स्वागत समारंभात उभा होतो. हातातला ग्लास खाली ठेवून मी बाहेर गेलो, आणि थोड्या वेळाने परत आत आलो.

त्याच वर्षी कप्तानाचं पहिलं पत्र आलं, वकिलातींमधून फिरत फिरत. सावकाश, सांभाळून लिहिलेलं इंग्रजी. एकच प्रश्न होता, "तिथे त्याला थंडी वाजते का?" मी खरं लिहायला बसलो. खरंच बसलो, बाई, तुमची शपथ. लिहिलं ते असं, तो म्हणतो, थंडी वाजत नाही. दुसऱ्या वर्षी पुन्हा बसलो आणि पुन्हा तसंच झालं. तिसऱ्या वर्षी माझ्या उत्तरातलं 'तो म्हणतो' गळून पडलं. मी लिहिलं, 'बाबा'. मी लाल सायकलबद्दल लिहिलं, जिचा मागचा ब्रेक लागत नव्हता. अंगणातल्या झाडाखाली पुरलेल्या कुत्र्याबद्दल लिहिलं. त्याचं उत्तर आलं, "हो, ब्रेक मी दुरुस्त करणार होतो. राहून गेलं." असं बावीस वर्षं चाललं. दर वर्षी एक पत्र, एक उत्तर. मला विचार करावा लागत नसे. पेन टेकवलं की पान भरायचं, मी न वाचता पाकीट बंद करायचो, आणि नंतर तास दोन तास पाय गार पडलेले असायचे.

मधे एकदा, वेगळ्याच देशात, मुलीच्या शाळेच्या पोहण्याच्या तलावावर गेलो होतो. मला पोहता येत नाही हे तुम्हाला माहीत आहे, पाताळपाणीच्या धबधब्याच्या सहलीत मी काठावर चपला सांभाळत बसलो होतो. त्या दिवशी मुलीची टोपी पाण्यात पडली आणि मी उडी मारली. या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहत गेलो, वळलो, परत आलो. बायको काठावर उभी होती. "तुम्ही हे कधी शिकलात?" मी म्हणालो, कॉलेजात असताना. तिने पुन्हा कधी विचारलं नाही, पण मी पाण्याजवळ गेलो की ती अजूनही माझा हात धरते.

गेल्या महिन्यात एक जाड पाकीट आलं. कप्तानाच्या मुलीचं, म्हणजे त्या मुलाच्या बहिणीचं. वडील झोपेत गेले, तिने लिहिलंय. तुमच्या पत्रांमुळे त्यांनी दारू सोडली, तुमच्या पत्रांसाठी ते जगले, त्याबद्दल मी आभारी आहे. आईला आणि मला ते दाखवत नसत. आता कपाटात सापडली. ती तुम्हाला परत करते आहे. मग खाली लिहिलंय: सायकलचं तुम्हाला कोणी सांगितलं असेल, कुत्र्याचंही कोणी सांगितलं असेल, मी ते धरून चालते. पण माझा भाऊ डावखुरा होता, त्याची अक्षरं मागे झुकलेली असायची. त्याच्या सगळ्या वह्या मी स्वतः जाळल्या, कारण वडील रात्रंदिवस त्या उघडून बसायचे. फक्त त्याने इंग्रजीत लिहिलेलं एक पोस्टकार्ड राहिलं, ते सोबत पाठवते. त्याचं अक्षर तुम्ही कुठून आणलंत, एवढं कृपा करून मला सांगा.

मी बावीस पत्रं जेवणाच्या टेबलावर पसरली आणि मधे ते पोस्टकार्ड ठेवलं. पहिली दोन माझ्या अक्षरात आहेत. तिसऱ्यापासून अक्षरं मागे झुकायला लागतात. शेवटची पंधरा आणि ते पोस्टकार्ड एकत्र करून कोणाला दिली तर वेगळी काढता येणार नाहीत.

तिला काय लिहू, बाई? त्या बापाला खरं सांग म्हणाला होतात, तो तर गेला. मुलीला खरं सांगायचं तर ते काय आहे हे मला ठाऊक असायला हवं. मी तिच्या भावाची फसवी नक्कल केली म्हणू, तर ते तिला पटणार नाही, आणि मलाही आता पटत नाही. आज त्या हॉलमध्ये दुसऱ्याच्या मनात शिरण्याबद्दल मी तासभर बोललो. त्या मुलांना उठण्याबद्दल एक अक्षर सांगितलं नाही. तिथून निघाल्यावर गाडी बड़ा गणपतीकडे वळवली. तुमच्या खोलीत आता कोचिंग क्लास चालतो, जिन्यात चपलांचा ढीग होता. मी खालीच उभा राहून स्वतःचं नाव तीनदा म्हणालो. एक पोरगा म्हणाला, "भिया, किसको ढूंढ रहे हो?" मी गाडीत येऊन बसलो.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा एक गोष्ट सांगून थांबतो. दुपारी घरी आल्यावर तुम्हाला हातानेच लिहायचं म्हणून मी कागद घेतला होता. 'बाई' लिहिलं, सिमरोलला जाऊन आलो एवढं लिहिलं. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर माझ्या लक्षात आलं की पेन माझ्या डाव्या हातात आहे. तिथून पुढचं सगळं मी टाइप केलं आहे.